चाक घसरू दे, एक्सल वाचू दे

फोर बाय फोर गाडी पहिल्यांदा रुतते तेव्हा नवख्या मालकाला धक्का बसतो तो चाकं बघून. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळावा म्हणून जास्तीचे पैसे मोजलेले असतात, आणि समोर दिसतं काय? पुढचं डावं चाक चिखलात गरगर फिरतंय, मागचं उजवं हवेत फिरतंय आणि जमिनीला घट्ट टेकलेली उरलेली दोन चाकं ढिम्म हलत नाहीत. गाडीत काही बिघडलेलं नसतं. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही डिफरन्शियल त्यांना नेमून दिलेलं काम चोख करत असतात.

ते काम वळणावरचं आहे. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर त्यातलं एक रस्त्यावर घासत जाणारच. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी यावर तोडगा काढून १८२७ साली त्याचं पेटंट घेतलं. आजच्या गाडीतली रचना तत्त्वतः तीच आहे. आपल्याकडच्या गॅरेजच्या बोलीत सांगायचं तर टेल पिनियन क्राउनला फिरवतो, क्राउनला बोल्टने आवळलेल्या पिंजऱ्यात स्टार पिनियन असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक सन गिअर असतो. प्रत्येक सन गिअरमध्ये एकेका चाकाचा एक्सल घुसवलेला असतो. गाडी सरळ चालते तेव्हा हा सगळा संच एकत्र फिरतो. वळताना स्टार पिनियन स्वतःभोवतीही फिरायला लागतात आणि दोन चाकांना वेगवेगळ्या गतीची मुभा मिळते.

गतीची मुभा मिळते, पण जोर दोन्हीकडे सारखाच जातो. स्टार पिनियन दोन्ही सन गिअरना एकाच ताकदीने रेटतो. एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी देण्याची त्याच्याकडे सोयच नाही. त्यामुळे कमी पकड असलेलं चाक जेवढा टॉर्क पेलू शकेल, तेवढाच टॉर्क चांगली पकड असलेल्या चाकालाही मिळतो. हवेतलं चाक फिरवायला जवळपास काहीच लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. रेस वाढवली तर हवेतलं चाक आणखी जोरात फिरतं, एवढंच.

डिफरन्शियल लॉक हा यावरचा सरळ उपाय. एक सन गिअर थेट पिंजऱ्याशी जखडला की स्टार पिनियनना फिरायला वाव उरत नाही आणि दोन्ही एक्सल एकच दांडा असल्यासारखे फिरतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यात नवीन काही नाही. भाताच्या चिखलणीत एक चाक नुसतंच फिरायला लागलं की तो टाचेने लॉकचं पेडल दाबतो, ट्रॅक्टर सरकतो, पाय काढला की लॉक सुटतो. लॉक दाबलेला असताना स्टिअरिंग वळवायचं नाही, हेही त्याला पाठ असतं. जीपवाल्यांनी त्याच्याकडून एवढं जरी उचललं तरी गॅरेजवाल्यांचा धंदा थोडा मंदावेल.

लॉक लावल्यावर तुटतं काय आणि का, हे समजायचं तर थोडा हिशेब मांडावा लागेल. समजा इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर तो चौपट करतो, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधला ‘फोर लो’ अडीचपट करतो आणि शेवटी क्राउन-पिनियन आणखी चौपट करतो. गुणाकार झाला १२,००० न्यूटन-मीटर. चार चाकांत सारखा वाटला तर प्रत्येकी ३,०००. हा झाला गाडीने देऊ केलेला जोर. प्रत्यक्षात चाक किती घेतं, ते टायरच्या पकडीवर ठरतं. दोन टनांची गाडी सपाट खडकावर उभी आहे, प्रत्येक चाकावर ५०० किलो भार आहे, पकड उत्तम आहे आणि टायरची त्रिज्या ३८ सेंटिमीटर आहे असं धरलं, तर साधारण १,७०० न्यूटन-मीटरला टायर घसरतो. त्याहून जास्त पीळ एक्सलपर्यंत पोचतच नाही. म्हणजे या सगळ्या साखळीतला फ्यूज टायर आहे. जोर वाढला की तो आधी घसरतो आणि आतलं पोलाद वाचतं.

आता गाडी तिरपी चढली. मागचं एक चाक हवेत आहे आणि दुसऱ्यावर ८०० किलो भार आला आहे. लॉक नसता तर या भार पेलणाऱ्या चाकाकडे नगण्य टॉर्क गेला असता. लॉक लावताच त्याचा एक्सल सुमारे २,७०० न्यूटन-मीटरपर्यंत पिळला जाऊ शकतो, आणि तेव्हा कुठे टायर घसरेल. ते चाक दगडाच्या खाचेत अडकलेलं असलं तर तो घसरणारच नाही. तेव्हा पकडीचा हिशेब बाजूला राहतो आणि मागच्या धुरीच्या (डिफरन्शियल आणि दोन्ही एक्सल मिळून होणाऱ्या संचाच्या) वाट्याचा सगळा, म्हणजे ६,००० न्यूटन-मीटरपर्यंतचा पीळ एकाच दांड्यावर येऊ शकतो. साध्या डिफरन्शियलचा ज्याला आपण दोष म्हणत होतो, तेच एक्सलचं संरक्षण होतं. लॉकने गाडी पुढे जाते खरी, पण फ्यूज टायरवरून उचलून आत कुठेतरी नेला जातो. कुठे नेला, हे बहुतेकांना कडकन आवाज आल्यावरच कळतं.

त्यात मोठे टायर. मूळ २९ इंची टायर काढून ३५ इंची घातले की टायर घसरण्याआधी एक्सलवर येणारा पीळ वीस टक्क्यांनी वाढतो, कारण त्रिज्या तेवढी वाढलेली असते. चाकाचं वजन वाढतं ते वेगळंच. मग मोठ्या टायरमुळे गाडी मंदावते म्हणून लोक क्राउन-पिनियन बदलतात. डाना ४४ या जगभर वापरल्या जाणाऱ्या धुरीचं उदाहरण घ्या. ३.७३ गुणोत्तराच्या जोडीत क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतात. ४.८८ च्या जोडीत ३९ आणि ८. क्राउनचा आकार तोच राहतो, पिनियन मात्र बारीक होतो आणि एका वेळी एकमेकांत गुंतलेल्या दातांवरचा भार वाढतो. भार वाढवणाऱ्या बदलाची भरपाई म्हणून केलेला बदल पुन्हा दातांनाच महाग पडतो.

तरीही, हे सगळे हिशेब संथ, एकसारख्या जोराचे आहेत, आणि संथ जोराने गाड्या फारशा तुटत नाहीत. तुटतात त्या झटक्याने. चाक हवेत असताना चालक रेस देतो. चाक, एक्सल, प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स आणि इंजिनाचं जड फ्लायव्हील सगळं वेगात फिरू लागतं आणि त्यात ऊर्जा साठते. मग गाडी कलंडून तेच चाक खडकावर टेकतं आणि क्षणार्धात थांबतं. साठलेली सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी, ती साखळीतल्या सगळ्यात कच्च्या दुव्यावर जाते. क्लच एकदम सोडणं, मागेपुढे झोके देऊन गाडी काढायचा प्रयत्न करणं, चढावर उसळी मारत जाणं, हे सगळे याच जातीचे प्रकार.

चिखल खडकापेक्षा दयाळू वाटतो तो यामुळेच. चिखलात टायर घसरतच असतो, म्हणजे फ्यूज काम करत असतो. पण गोव्यात किंवा तळकोकणात तांबड्या चिखलाच्या तळाशी बऱ्याचदा जांभा दगड लपलेला असतो. मलेशियातल्या १९९७ पासूनच्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये याच गोव्यात, ऐन पावसाळ्यात सुरू झाली. अशा मातीत पूर्ण रेसवर फिरणारं चाक चिखल कापत खाली जातं आणि जांभ्याची कड पकडतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, इतक्या मऊ चिखलात पोलाद कसं तुटलं?

लॉक कसा लागतो, यावरही झटक्याचं प्रमाण ठरतं. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलसाठी गिअरच्या मागे वेगवेगळे लिव्हर आहेत. चालक ओढेल तेव्हाच लॉक लागतो, आणि अडथळ्याच्या आधी, गाडी थांबलेली किंवा रांगत असताना तो लावायचा असतो. नाशिकला तयार होणाऱ्या थारमध्ये २०१५ पासून ईटन कंपनीचा यांत्रिक लॉक मागच्या धुरीत आला. त्याला लिव्हर नाही. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकली जातात, एका खिट्टीत अडकतात आणि एक कॅम सरकून लॉक आवळला जातो. वेग तासाला तीसेक किलोमीटरच्या वर असेल तर तो लागत नाही. रस्त्यावर रोज वापरायच्या गाडीसाठी ही योजना हुशारीची आहे. पण तिच्या कामाची सुरुवातच चाक घसरण्यापासून होते, हे चालकाने ओळखलं पाहिजे. हलक्या पायाने चाक थोडं फिरू दिलं तर ‘खट्’ आवाज होऊन लॉक शांतपणे लागतो. घाबरून ॲक्सिलरेटर तळाला नेला तर लॉक लागतो त्या क्षणी चाक भन्नाट फिरत असतं आणि तो झटका सरळ दुसऱ्या एक्सलवर जातो. पुढे थार रॉक्समध्ये बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक लॉक आला.

ऑफ-रोडच्या जगात सगळ्यात जास्त नाव झालं ते हवेच्या दाबावर चालणाऱ्या लॉकचं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या टोनी रॉबर्ट्स यांनी तो विकसित केला आणि १९८७ मध्ये मेलबर्नच्या एआरबी कंपनीने तो विकत घेतला. छोटा कॉम्प्रेसर, बारीक नळी आणि डॅशबोर्डवर एक बटण. काम झालं की हवा सोडायची, डिफरन्शियल पुन्हा साधं. याच्या दुसऱ्या टोकाला आहे स्टार पिनियनवर सरळ वेल्डिंग मारण्याचा जुगाड. तो कधीच सुटत नाही. स्पर्धेपुरती ट्रॉलीवरून नेलेली गाडी असेल तर ठीक, पण अशी गाडी डांबरी रस्त्यावर चालवणं म्हणजे प्रत्येक वळणावर ते २.३६ मीटर टायर घासून आणि एक्सल पिळून फेडणं.

लॉकच नसेल तर? घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा. ब्रेकने अडवलेल्या चाकाला फिरवायला जेवढा टॉर्क लागतो, तेवढाच दुसऱ्या चाकाला आपोआप मिळतो. जिम्नीत आणि इतर बऱ्याच गाड्यांत हे काम आता संगणक एबीएसच्या मदतीने करतो. सतत केलं तर ब्रेक तापतात आणि चाक घसरल्याशिवाय यंत्रणेला काही कळत नाही, पण पोलादाच्या दृष्टीने हा प्रकार सौम्य आहे. अमेरिकी लष्कराच्या हमवीमध्ये घसरणाऱ्या चाकापेक्षा दुसऱ्याला जास्त टॉर्क देणारं टॉर्सन डिफरन्शियल असतं आणि एक चाक हवेत गेलं की तेही हतबल होतं. म्हणून तिथल्या चालकांना ॲक्सिलरेटर देतानाच ब्रेकवर हलका पाय ठेवायला शिकवतात. जुन्या जीपवाल्यांचा हॅंडब्रेक अर्धा ओढून गाडी काढायचा उपाय याच तत्त्वावर चालतो. गंमत अशी की तो विलिस जीपमध्ये किंवा जुन्या लँड रोव्हरमध्ये चालत नाही. तिथे हॅंडब्रेक चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टला असतो, त्यामुळे दोन्ही चाकं एकदमच अडतात.

पुढची धुरी मागच्यापेक्षा नाजूक असते, कारण तिला वळावंही लागतं. साधा क्रॉस असलेला जॉइंट कोनात फिरला की पलीकडचा दांडा एकसारख्या गतीने फिरत नाही. ३० अंशांच्या कोनात त्याची गती प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे १३ टक्के खाली आणि १५ टक्के वर जाते. फोर्ड कंपनीतले अभियंते आल्फ्रेड झेपा यांनी १९२० च्या दशकात चेंडू आणि खाचा असलेला जॉइंट बनवला आणि हा हेलकावा घालवला. पण पूर्ण स्टिअरिंग वळवलेलं असताना ते चेंडू खाचांच्या कडेला जातात आणि त्यांना धरणाऱ्या पिंजऱ्यावर भलता ताण येतो. पुढचा लॉक लावलेला, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आणि वर रेस: पुढचा जॉइंट फोडायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. पुढच्या लॉकने स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ती सूचनाच समजावी. अडथळा समोरून घ्या, आधी चाकं सरळ करा, मग जोर द्या.

रिव्हर्समध्ये क्राउन-पिनियन जास्त तुटतात, यालाही कारण आहे. दातांच्या दोन बाजू सारख्या बळकट नसतात. गाडी पुढे जाताना ज्या बाजूवर भार येतो, त्या बाजूसाठी दात घडवलेले असतात. मागे जाताना भार दुसऱ्या, कच्च्या बाजूवर येतो. चढ चढता आला नाही म्हणून जोरात रिव्हर्स घेऊन सुटायचा प्रयत्न करणाऱ्याचा दात जातो तो असा. आणि डोंगरउतारावर आडवं जाताना मागचा लॉक बंद ठेवावा, हे तुटण्याशी संबंधित नसलं तरी सांगायलाच हवं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं बाजूला धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही एकदम घसरतात आणि गाडीचं शेपूट दरीकडे जातं.

जाड एक्सल घालणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. त्यात तथ्य आहे: दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.३१ इंचाऐवजी दीड इंचाचा दांडा घातला, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर जाडी वाढवली, तरी ताकद जवळपास दीडपट होते. क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद वापरलं तर आणखी. पण एक्सल तुटायचा थांबला की पाळी क्राउन-पिनियनची, ते भक्कम केले की ट्रान्सफर केसची. एक्सल अर्ध्या तासात बदलता येतो आणि तो गाडीत सोबत नेता येतो. फुटलेला ट्रान्सफर केस जंगलात कोण बदलणार? माझं मत विचाराल तर टायरनंतरचा कच्चा दुवा मुद्दाम एक्सलवर ठेवावा आणि एक जादा एक्सल सोबत घ्यावा. युनिमॉग या जर्मन ट्रकने १९४८ पासून वेगळाच रस्ता धरला. तिथे दोन्ही धुऱ्यांना लॉक आहे आणि वेग कमी करणारे शेवटचे गिअर थेट चाकाजवळ बसवले आहेत. टॉर्क वाढतो तोच मुळी चाकाशी, त्यामुळे आतल्या एक्सलना आणि डिफरन्शियलला कमी पीळ सोसावा लागतो.

त्याउलट जीपने २००३ चं मॉडेल म्हणून रँग्लर रुबिकॉन काढली. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या खडकाळ रुबिकॉन ट्रेलवरून तिचं नाव आलं. दोन्ही टोकांना डाना ४४ आणि लॉक, शिवाय ट्रान्सफर केसचं ‘लो’ थेट चौपट. कागदावर हा टॉर्क धडकी भरवणारा आहे. प्रत्यक्षात इतक्या खालच्या गिअरमुळे गाडी गोगलगाईच्या वेगाने, क्लचला हात न लावता खडक चढते, उसळी मारावीच लागत नाही, आणि तुटण्याचं मुख्य कारणच निघून जातं.

एक्सल तुटलाच तर आधी तुकडा बघावा. तुटण्याआधी स्प्लाइनच्या खाचा बहुधा पिळलेल्या दिसतात. काही जण नव्या एक्सलवर लांबीभर रंगाची सरळ रेघ मारून ठेवतात. ती तिरकी झाली की एक्सल बदलायचा. एका झटक्यात तुटलेल्या नरम दांड्याचा छेद जवळजवळ सपाट असतो, कडक दांड्याचा ४५ अंशांत गोल फिरत गेलेला असतो. छेदावर कमानीसारख्या बारीक रेषा एकामागे एक दिसल्या तर समजावं, की भेग फार आधीपासून वाढत होती आणि आजच्या चढाने फक्त शेवटचं काम केलं.

मग घरी कसं पोचायचं, ते धुरीच्या बनावटीवर अवलंबून. ट्रकमध्ये, लँड रोव्हर सिरीजमध्ये किंवा लष्करी विलिस जीपच्या मागे पूर्ण तरंगती धुरी असते. तिथे गाडीचं वजन धुरीच्या नळीवरच्या बेअरिंगवर असतं, एक्सल फक्त पीळ सोसतो. महामार्गाच्या कडेला ट्रकचा मेस्त्री जॅक न लावता हबवरचे बोल्ट सोडून सरळ एक्सल ओढून काढतो, ते यामुळेच. लँड रोव्हर सिरीजचे मागचे एक्सल तुटण्यासाठीच प्रसिद्ध, म्हणून लांबच्या प्रवासाला निघालेले लोक जादा एक्सल सोबत ठेवत. तो नसला तर तुटका काढून फोर व्हील ड्राइव्ह लावायचा आणि पुढच्या चाकांवर गाडी न्यायची. अर्धतरंगत्या धुरीत मात्र एक्सलच वजन पेलतो. तो चाकाजवळ तुटला तर चाक त्याच्यासकट बाहेर येऊ शकतं, तेव्हा गाडी हलवूच नये.

तुटलेली बाजू साध्या डिफरन्शियलला हवेतल्या चाकासारखीच वाटते: सगळी गती तिकडे जाते आणि शाबूत एक्सलला काही मिळत नाही. इथे लॉक पुन्हा कामाला येतो. एक्सल तोडणारा तोच लॉक लावला की शाबूत बाजूचं चाक फिरायला लागतं आणि मागची धुरी एका चाकावर गाडी ढकलते. डांबरावर आल्यावरही तो लॉक काढायचा नसतो, कारण विरुद्ध बाजूला तोडून घेण्यासारखं आता काही उरलेलंच नसतं. जोर मात्र एका बाजूने लागल्यामुळे गाडी ओढ घेते, म्हणून सावकाश. गॅरेजमध्ये पोचल्यावर आधी डिफरन्शियलचं तेल परातीत काढून त्यात चुंबक फिरवावं. एक्सलचे कण सापडतीलच. दाताचा तुकडा सापडला तर पिंजरा उघडल्याशिवाय नवा एक्सल बसवू नये.